किती वैद्यांना विचारावे? – निकषांच्या तुलनात्मक सर्वेक्षणातील नमुन्याचा आकार



रुग्णाच्या बाबतीतील निर्णय वैद्याने एकट्याने घ्यावयाचा असतो. परंतु संघटनेचे निर्णय एकट्याने घेता येत नाहीत. काष्ठौषधींची सामुदायिक खरेदी कोणाकडून करावी, कोणत्या विषयावर निरंतर शिक्षणाचे शिबिर घ्यावे, परीक्षणासाठी राखलेला निधी कोणत्या द्रव्यांवर आधी खर्च करावा, असे प्रश्न आले की सभासदांची मते घ्यावी लागतात. मते घ्यावयाची म्हटली की पहिला प्रश्न उभा राहतो, तो असा की किती जणांना विचारावे? कोणी म्हणतो, दहा जाणकार पुरेत. कोणी म्हणतो, तीनशे पंच्याऐंशी अर्ज भरून घेतल्याशिवाय सर्वेक्षणाला अर्थ नाही. ही दोन्ही उत्तरे काही परिस्थितींत बरोबर व काही परिस्थितींत चूक ठरतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट पद्धतीच्या संदर्भात केला आहे. ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस, संक्षेपाने एएचपी, असे या पद्धतीचे नाव आहे. मराठीत तिला विश्लेषणात्मक श्रेणीरचना पद्धती म्हणता येईल.

विषय आकड्यांचा असला तरी त्यामागील काळजी वैद्यकाचीच आहे. अशोकारिष्टासाठी लागणारी साल सीता-अशोकाची, म्हणजे सराका असोका या वृक्षाची, असावी लागते. शाळांच्या व कचेऱ्यांच्या आवारात उंच वाढणारा हिरवा अशोक हा पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होय. तो निराळा वृक्ष आहे. बाजारात मात्र एकाची साल दुसऱ्याच्या नावाने विकली जाते. गुळवेलीच्या बाबतीत टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच जाती वापरावी, तिच्याशी साम्य असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा वापरू नये, असा खुलासा केंद्रीय आयुष मंत्रालयास २०२२ मध्ये करावा लागला. अशा स्थितीत पुरवठादार निवडताना दराला किती महत्त्व द्यावे व अस्सलपणाला किती, हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. चुकीच्या माणसांना विचारून काढलेली सरासरी शेवटी रुग्णाच्या पोटात जाते.

पद्धतीचा अल्प परिचय

ही पद्धती थॉमस सॅटी या गणितज्ञाने १९७०च्या दशकात मांडली. त्यांचा यावरील मूलभूत शोधनिबंध १९७७ मध्ये व ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे सूत्र सोपे आहे. अनेक निकषांना एकदम गुण देणे मनुष्यास अवघड जाते. परंतु दोन निकष समोर ठेवून ‘या दोहोंत अधिक महत्त्वाचा कोणता व किती पटीने’ हे सांगणे त्या मानाने सोपे असते. त्यासाठी १ ते ९ ही मापनश्रेणी वापरतात. १ म्हणजे दोन्ही समान, ३ म्हणजे एक किंचित अधिक महत्त्वाचा, ५ म्हणजे स्पष्टपणे अधिक, ७ म्हणजे फारच अधिक व ९ म्हणजे पराकोटीचा अधिक. उलट बाजूस हेच अंक अपूर्णांकात येतात. म्हणजे एक तृतीयांश, एक पंचमांश इत्यादी.

उदाहरण घेऊ. समजा, तीन निकष आहेत: द्रव्याचा अस्सलपणा, पुरवठ्याची नियमितता व दर. एका वैद्याने अस्सलपणाला नियमिततेच्या ३ पट, दराच्या ५ पट आणि नियमिततेला दराच्या २ पट महत्त्व दिले. प्रत्येक निकषाच्या ओळीतील तीन अंकांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ घ्यावयाचे व तिन्ही घनमुळांच्या बेरजेने प्रत्येकास भागावयाचे. अस्सलपणासाठी १, ३ व ५ यांचा गुणाकार १५, त्याचे घनमूळ सुमारे २.४७. नियमिततेसाठी ते ०.८७ व दरासाठी ०.४६ येते. त्यावरून भारांक अनुक्रमे ०.६५, ०.२३ व ०.१२ असे मिळतात. म्हणजे या वैद्याच्या मनातील शंभर भागांपैकी ६५ भाग अस्सलपणाचे, २३ नियमिततेचे व १२ दराचे.

या पद्धतीचा दुसरा गुण असा की उत्तरे परस्परांशी जुळतात की नाही हे ती तपासते. त्यासाठी सुसंगती गुणोत्तर काढतात, ते ०.१० च्या आत असावे असा संकेत आहे. वरील वैद्याचे गुणोत्तर ०.०१ पेक्षाही कमी येते, म्हणजे त्यांचे म्हणणे एकजीव आहे. याउलट एखाद्याने अस्सलपणा नियमिततेच्या ३ पट, नियमितता दराच्या ३ पट आणि पुन्हा दर अस्सलपणाच्या ३ पट, असे चक्राकार उत्तर दिले, तर तिन्ही भारांक समान येतात व सुसंगती गुणोत्तर १.१५ पर्यंत जाते. समान भारांकांवरून या गृहस्थांचे मत समतोल आहे असे वाटेल. वस्तुतः त्यांनी प्रश्न नीट वाचलेला नसतो.

आप्त की लोक?

नमुन्याच्या आकाराचा प्रश्न सोडविण्यापूर्वी त्याहून मूलभूत प्रश्न विचारावा लागतो: आपण आप्तांचे मत घेत आहोत की लोकमत?

आपल्या शास्त्रात आप्तोपदेश हे प्रमाण मानले आहे. तेथे आप्तांची संख्या मोजली जात नाही. आप्ताची योग्यता पाहिली जाते. एएचपी ही पद्धतीही मुळात अशीच आहे. निर्णय घेणारी व्यक्ती एकच असली तरी ती चालते.  द्रव्यगुणाचे एखादे ज्येष्ठ अध्यापक, वीस वर्षे स्वतः औषधीनिर्माण करणारे वैद्य, काष्ठौषधींच्या घाऊक व्यापाराचा अनुभव असलेले गृहस्थ अशा सात-आठ जणांची तद्विद्यसंभाषा घडवून आणली, तर तेवढी संख्या पुरेशी असते. तेथे ‘नमुना’ हा शब्दच लागू पडत नाही, कारण ही माणसे इतर कोणाचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. त्यांचे ज्ञान हेच त्यांचे प्रमाण. अशा समितीला आणखी शंभर अनभिज्ञ व्यक्ती जोडल्याने निर्णय अधिक शास्त्रीय होत नाही, उलट पातळ होतो.

परंतु ‘जिल्ह्यातील आयुर्वेद व्यावसायिकांचे मत अमुक आहे’ असे विधान करावयाचे असेल, तर प्रश्न बदलतो. आता सात-आठ व्यक्ती पुरणार नाहीत, कारण आपण एका समुदायाबद्दल बोलत आहोत व त्यातील थोड्यांना विचारून सर्वांबद्दल अनुमान काढीत आहोत. येथे संख्याशास्त्राचे नियम लागू होतात. अहवालात बहुधा चूक होते ती येथेच. दहा जाणकारांना विचारावयाचे व निष्कर्ष ‘सर्व सभासदांचे मत’ म्हणून छापावयाचा, किंवा दोनशे जणांचे अर्ज भरून घ्यावयाचे व त्यास ‘तज्ज्ञांचा निर्णय’ म्हणावयाचे. सर्वेक्षणाच्या पहिल्या पानावर आप्त की लोक हे एका वाक्यात लिहून ठेवावे; पुढील निम्मा गोंधळ टळतो.

३८५ हा आकडा कोठून आला?

एखाद्या समुदायातील किती टक्के लोक अमुक एक गोष्ट करतात हे ५ टक्के कमी-अधिक फरकाने व शंभरातील ९५ वेळा खात्रीने सांगावयाचे असेल, तर ३८५ लोकांना विचारावे लागते. १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, असा तो हिशेब आहे, उत्तर ३८४.१६ येते व ते वर नेऊन ३८५ धरतात. समुदायच दोनशे व्यक्तींचा असेल तर दुरुस्ती करून ही संख्या १३२ पर्यंत खाली येते.

हा हिशेब ‘होय किंवा नाही’ स्वरूपाच्या प्रश्नांचा आहे. एएचपीमध्ये आपण टक्केवारी मोजत नाही, तर पटी मोजतो. शिवाय प्रत्येक व्यक्तीकडून एक नव्हे तर अनेक तुलना घेतो. म्हणून ३८५ हा आकडा येथे जसाच्या तसा आणून बसविणे म्हणजे एका रोगाची मात्रा दुसऱ्या रोगाला देण्यासारखे आहे.

संख्या काढण्याची रीत

प्रथम अनेकांची उत्तरे एकत्र कशी करावयाची ते पाहू. एका वैद्याने अस्सलपणाला दराच्या ५ पट म्हटले व दुसऱ्याने एक पंचमांश म्हटले, तर दोघांची मते बरोबर विरुद्ध आहेत. मध्य १ आला पाहिजे. परंतु नेहमीची अंकगणिती सरासरी ५ व ०.२ यांची २.६ काढते, म्हणजे विनाकारण पहिल्याच्या बाजूने झुकते. भूमितीय मध्य मात्र १ येतो. म्हणून पटींच्या उत्तरांना भूमितीय मध्यच वापरावा; अक्झेल व सॅटी यांनी १९८३ मध्ये याची गणिती उपपत्ती दिली आहे.

भूमितीय मध्य म्हणजे लॉगॅरिथमची साधी सरासरी. यामुळे नमुन्याचा आकारही लॉगॅरिथमवरूनच काढावा लागतो. त्याच्या पायऱ्या अशा:

१. प्रथम १० ते १५ व्यक्तींचे लहान पूर्वसर्वेक्षण करावे.

२. सर्वांत महत्त्वाच्या तुलनेच्या उत्तरांचे नैसर्गिक लॉगॅरिथम घेऊन त्यांचे प्रमाण विचलन काढावे. उत्तरे किती पांगलेली आहेत हे त्यावरून कळते.

३. आपल्याला किती अचूकता हवी ते ठरवावे. ‘सव्वापटीच्या आत’ याचा अर्थ असा की समूहाचा मध्य ३ आला, तर खरा मध्य २.४ व ३.७५ यांच्या दरम्यान असावा.

४. १.९६ गुणिले प्रमाण विचलन, भागिले त्या पटीचा लॉगॅरिथम; जे येईल त्याचा वर्ग म्हणजे आवश्यक संख्या.

समजा, पूर्वसर्वेक्षणात प्रमाण विचलन ०.८ आले. दीडपटीच्या आत उत्तर हवे असेल तर १५ व्यक्ती पुरतात. अशा लहान संख्येत दोन-तीन व्यक्ती अधिक घेणे योग्य, म्हणून १८ धरावे. सव्वापटीच्या आत हवे असेल तर ५० व्यक्ती लागतात. एक दशांशाच्या आत, म्हणजे १.१ पटीच्या आत हवे असेल तर २७१ लागतात. अचूकतेची हौस किती महाग पडते हे यावरून ध्यानात येईल. मते अधिक पांगलेली असून प्रमाण विचलन १.२ असेल, तर सव्वापटीसाठीही ५० ऐवजी ११२ व्यक्ती लागतात. पूर्वसर्वेक्षणातील विचलन हेही थोड्या माणसांवरून काढलेले असते; म्हणून ते थोडे वरच्या बाजूनेच धरावे.

समुदाय लहान असेल तर संख्या आणखी कमी होते. २०० सभासदांच्या यादीतून निवड करावयाची असेल तर ५० भागिले १ अधिक ४९ भागिले २००, म्हणजे ४१ सभासद पुरतात. यादी ६० जणांचीच असेल तर २८ पुरतात. पण इतक्या लहान यादीत सर्वांनाच विचारणे अधिक सरळ.

यातील प्रमाण विचलन व सभासदसंख्या केवळ उदाहरणादाखल घेतल्या आहेत. प्रत्येक संघटनेने आपल्या पूर्वसर्वेक्षणातील व आपल्या यादीतील आकडे घालून हिशेब करावा.

संख्येपेक्षा घडण महत्त्वाची

आडतीवर धान्य घेताना परखी पोत्यात खोल घालतात. वरची मूठ पाहून कोणी सौदा करीत नाही. शितावरून भाताची परीक्षा, म्हणजेच स्थालीपुलाकन्याय, खरा ठरतो तो भात एकाच आधणात सारखा शिजलेला असेल तेव्हा. आपला समुदाय मात्र एका आधणातील नाही. रुग्ण तपासणारा वैद्य, औषधविक्रीचे दुकान चालविणारा व्यावसायिक व स्वतः निर्माण करणारा फार्मसीचालक यांची दृष्टी वेगळी असणे स्वाभाविक आहे. त्यात कोणाचा दोष नाही. दुकानात भांडवल अडकलेल्यास दराची काळजी असणारच, आणि रुग्णास उत्तर द्यावे लागणाऱ्यास गुणाची.

केवळ हिशेबासाठी असे धरू की प्रत्येक वैद्य अस्सलपणाला दराच्या ५ पट मानतो व प्रत्येक विक्रेता दराला अस्सलपणाच्या ५ पट मानतो. तीस वैद्य व तीस विक्रेते विचारले तर समूहाचा मध्य १ येईल, म्हणजे ‘दोन्ही निकष समान’. या साठ जणांत असे मानणारा एकही मनुष्य नाही! सरासरी जेथे पडली तेथे कोणीच उभा नाही. आता ४० वैद्य व १० विक्रेते घ्या. अस्सलपणा दराच्या सुमारे २.६ पट येतो. १० वैद्य व ४० विक्रेते घ्या. दर अस्सलपणाच्या २.६ पट होतो. तिन्ही वेळा गणित निर्दोष, पण उत्तर ठरविले ते कोणाला किती अर्ज वाटले यानेच. अशा वेळी ५० ऐवजी ५०० अर्ज घेतले तरी चूक दुरुस्त होत नाही. ती अधिक आत्मविश्वासाने छापली जाते एवढेच.

यावर उपाय असा की प्रत्येक गटाचा नमुना स्वतंत्र ठरवावा व प्रत्येक गटाचे भारांक स्वतंत्र छापावेत. वरील हिशेबाने २०० वैद्यांपैकी ४१ व ६० विक्रेत्यांपैकी २८, असे एकूण ६९ अर्ज होतात. दोन्ही गटांची मते एकत्र करावयाची झाल्यास कोणत्या गटाच्या मताला किती वजन द्यावे, हे सर्वेक्षणापूर्वी, उत्तरे हाती येण्याआधी, सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. उत्तरे पाहून वजन ठरविणे म्हणजे नाडी पाहून झाल्यावर रोगाचे नाव बदलणे होय.

दुसरी घडण भूगोलाची आहे. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या आपल्या जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके आहेत. जालना शहरात भरणाऱ्या सभेला शहरातील मंडळी सहज येतात. मंठा किंवा जाफराबादच्या वैद्याला एक दिवसाचे काम बुडवावे लागते. सभेतच अर्ज वाटले तर नमुना शहराचा होतो आणि अहवालावर नाव मात्र जिल्ह्याचे पडते. ‘पुरवठ्याची नियमितता’ या निकषाचे महत्त्व शहरातील वैद्यास जितके वाटते त्याहून आडगावातील वैद्यास अधिक वाटू शकते, कारण शहरातील वैद्यास संपलेले द्रव्य त्याच दिवशी मिळू शकते. म्हणून यादी तालुकावार करावी, प्रत्येक तालुक्यातून प्रमाणात संख्या घ्यावी व नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत. समजा, २०० पैकी ९० सभासद शहरात व ११० उर्वरित भागात असतील, तर ४१ पैकी १८ शहरातील व २३ बाहेरील असावेत. चिठ्ठीत आलेला सभासद दूर राहतो म्हणून त्याच्या जागी जवळचा घेऊ नये. त्याच्यापर्यंत अर्ज पोहोचवावा.

निर्णय किती काठावर आहे?

आतापर्यंतचा हिशेब अचूकतेचा होता. परंतु व्यवहारात आपल्याला भारांक दशांशापर्यंत नको असतो; निवड कोणाची करावी एवढेच हवे असते. त्यामुळे शेवटची व सर्वांत उपयोगाची कसोटी ही की भारांक किती बदलले असता निवड पालटते.

तीन पुरवठादार घेऊ. अस्सलपणात पहिल्यास ०.६०, दुसऱ्यास ०.२५ व तिसऱ्यास ०.१५ गुण आहेत, नियमिततेत ०.३०, ०.३० व ०.४०; दरात ०.२०, ०.५० व ०.३०. आधीच्या उदाहरणातील ०.६५, ०.२३ व ०.१२ हे भारांक लावले तर एकूण गुण पहिल्यास ०.४८, दुसऱ्यास ०.२९ व तिसऱ्यास ०.२३ येतात. पहिला निवडला जातो. आता दुसरा पुढे केव्हा जाईल? नियमिततेत दोघे समान आहेत. त्यामुळे अस्सलपणाचा भारांक दराच्या भारांकाच्या ०.८६ पटीखाली घसरला तरच. आपल्या सर्वेक्षणात तो दराच्या सुमारे ५.३ पट आला आहे. दीडपटीची अनिश्चितता धरली तरी तो ३.५ ते ८ यांच्या दरम्यान राहतो, ०.८६ हा काठ फार दूर आहे. अशा वेळी १८ व्यक्तींचे सर्वेक्षण पुरेसे आहे. त्याहून अधिक अर्ज भरून घेणे म्हणजे कागद व वेळ यांचा अपव्यय.

परंतु तेच गुणोत्तर १.१ आले असते तर? दीडपटीच्या अनिश्चिततेत ते ०.७३ ते १.६५ होते, काठ मध्येच येतो आणि निवड सांगता येत नाही. सव्वापटीची अचूकता घेतली तर ०.८८ ते १.३८ होते; जेमतेम काठाच्या अलीकडे. येथे ५० व्यक्ती खरोखर आवश्यक आहेत. तिसऱ्या पुरवठादाराची तुलनाही याच रीतीने तपासावी. तात्पर्य, योग्य संख्या ग्रंथात छापलेली नसते. ती आपला निर्णय काठापासून किती दूर आहे यावर अवलंबून असते. म्हणून अर्ज टप्प्याटप्प्याने घ्यावेत, पण जास्तीत जास्त किती घ्यावयाचे व केव्हा थांबावयाचे हे आधीच लिहून ठेवावे. मनासारखे उत्तर येताच थांबणे हा नियम होऊ शकत नाही.

एक साधी पडताळणीही करावी. प्रत्येक वेळी एका व्यक्तीचे उत्तर बाजूला काढून पुन्हा हिशेब करावा. कोणा एकाच्या जाण्याने क्रम उलटत असेल, तर नमुना अद्याप लहान आहे किंवा ती व्यक्ती काहीतरी वेगळे सांगत आहे. दुसऱ्या शक्यतेत तिला वगळू नये, तिच्याशी बोलावे.

विसंगत उत्तरे व न आलेले अर्ज

सर्व अर्ज परत येत नाहीत व आलेले सर्व सुसंगत नसतात. ५० उपयुक्त उत्तरे हवी असून शंभरातील ६० अर्ज परत येतील व त्यांतील पाचांपैकी चार सुसंगत असतील असे धरले, तर १०५ अर्ज पाठवावे लागतात. मात्र संख्या वाढविण्यापेक्षा प्रश्न कमी करणे अधिक फलदायी ठरते. निकष चार असतील तर तुलना ६ होतात, सहा असतील तर १५, नऊ असतील तर ३६. चार निकष व तीन पुरवठादार असा आराखडा असल्यास एकूण २४ प्रश्न होतात. सहा निकष व पाच पुरवठादार घेतले की ७५. बाह्यरुग्ण विभाग संपवून दुपारी अर्ज भरणारा वैद्य पंचाहत्तराव्या प्रश्नाला काय उत्तर देईल, हे सांगावयास नको.

सुसंगती गुणोत्तर ०.१० च्या वर गेलेले अर्ज केराच्या टोपलीत टाकण्याची रीत आहे, ती टाळावी. त्या व्यक्तीकडे परत जाऊन कोणती दोन उत्तरे एकमेकांस छेद देतात ते दाखवावे व पुनर्विचाराची संधी द्यावी. कोणते उत्तर द्यावे हे मात्र सुचवू नये. तरीही अर्ज वगळावे लागले तर किती व कोणत्या गटातील वगळले हे अहवालात लिहावे. एकाच गटाचे अर्ज अधिक गळाले असतील तर नमुन्याची घडण पुन्हा बिघडलेली असते.

जे मोजता येते ते मताला टाकू नये

शेवटी एक मर्यादा. भारांक ठरविण्यासाठी मते घ्यावीत. वस्तुस्थिती ठरविण्यासाठी नव्हे. एखाद्या पुरवठादाराची अशोकसाल अस्सल आहे की नाही हे शंभर सभासदांच्या मताने ठरत नाही. ते परीक्षणाने ठरते. वरील उदाहरणातील अस्सलपणाचे गुण प्रयोगशाळेच्या अहवालावरून यावेत, दराचे गुण दरपत्रकावरून व नियमिततेचे गुण मागील वर्षाच्या पावत्यांवरून यावेत. असे केल्यास सभासदांना केवळ निकषांच्या तीन किंवा सहा तुलना कराव्या लागतात व सर्वेक्षण सुटसुटीत होते.

त्याचप्रमाणे काही गोष्टी तराजूत घालण्याच्याच नाहीत. शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम व कॅडमियम ०.३ पीपीएम या वनस्पतिज द्रव्यांसाठीच्या मर्यादा ओलांडणारा माल दर कितीही कमी असला तरी तुलनेत बसविता येत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘टी’ मधील उत्तम निर्मितीच्या अटी न पाळणाऱ्या निर्मात्याचीही गोष्ट तशीच. हे निकष नव्हेत. हा उंबरठा आहे. तो ओलांडून जे आत येतील त्यांचीच तुलना करावी. अन्यथा, पुरेशी मोठी संख्या व पुरेसा कमी दर यांच्या बळावर अशुद्ध द्रव्यही गणिताने ‘पहिले’ येऊ शकते. तसेच एखाद्या पुरवठादाराशी ज्यांचा व्यावसायिक किंवा कौटुंबिक संबंध आहे अशा सभासदांनी तो आधी सांगावा व त्या तुलनेपुरते बाजूला राहावे.

सारांश

१. आप्तांचे मत हवे की समुदायाचे, हे प्रथम लिहून ठेवावे. आप्तसमितीस सात-आठ योग्य व्यक्ती पुरतात. निष्कर्षही त्यांच्याच नावे छापावा.

२. समुदायाचे मत हवे असल्यास पूर्वसर्वेक्षणातील पांगण्यावरून व हव्या असलेल्या अचूकतेवरून संख्या काढावी. ३८५ हा आकडा आंधळेपणाने घेऊ नये.

३. उत्तरे भूमितीय मध्याने एकत्र करावीत.

४. वैद्य, विक्रेते व निर्माते यांचे नमुने व निष्कर्ष स्वतंत्र ठेवावेत; तालुकावार यादीतून चिठ्ठ्या टाकून निवड करावी.

५. निवड कोठे पालटते तो काठ शोधावा. काठ दूर असेल तर थोड्या व्यक्ती पुरतात. जवळ असेल तर अधिक घ्याव्यात.

६. प्रश्न थोडे ठेवावेत, विसंगत उत्तरे परत विचारावीत, वगळलेल्या अर्जांची नोंद छापावी.

७. उंबरठ्याच्या अटी व मोजता येण्याजोग्या गोष्टी मताला टाकू नयेत.

मात्रा ठरविताना वैद्य देश, काल, बल व व्याधी पाहतो. सर्वांना एकच मात्रा देत नाही. नमुन्याच्या आकाराचेही तसेच आहे. कोणाबद्दल बोलावयाचे, किती अचूक बोलावयाचे व चुकल्यास कोणाचे नुकसान होईल, हे तीन प्रश्न विचारल्यावर संख्या आपोआप पुढे येते. आपल्या संघटनेच्या यापुढील सर्वेक्षणांचे अहवाल छापताना ‘किती जणांना विचारले’ या ओळीखाली ‘कोणाला विचारले व का’ अशी आणखी एक ओळ असावी, एवढीच या लेखातून विनंती.